कलेक्टर

भाऊ, आज फैजपूरच्या बाजारात एका बाईनं म्हशीला कलेक्टर म्हणून हाक मारली. म्हैस वळली. मीही वळले. विचारलं, हे नाव कसं? "आमच्या घरी एका ढोराचं नाव कलेक्टरच ऱ्हाते. आजेसासऱ्यापासून. काऊन, ते नाही माहीत." तिनं तुमचं नावही ऐकलेलं नव्हतं. घरी आल्यापासून बसले की उठते आहे. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

देवपूरला मास्तरीण व्हायला शिकत होते तेव्हाची गोष्ट. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झालेली. वसतिगृहात पहिल्याच संध्याकाळी मुली वडिलांचे हुद्दे सांगतात. कुणाचे वकील, कुणाचे मामलेदार. मी सांगते, माझे कलेक्टर कचेरीत आहेत. तुम्ही दुसऱ्यांच्या बागांत केळीचे घड कापता, हे सांगायला माझी जीभ वळत नाही. दिवाळीआधी तुम्ही फाटकाशी उभे. खांद्यावर घड, धोतरावर केळीच्या चिकाचे काळे डाग. आई राख लावून, लिंबू लावून थकली, ते डाग कधी गेले नाहीत. पहारेकऱ्याला तुम्ही म्हणालात, "मी तिचा बाप." आपल्या शेजारच्या गावची एक मुलगी जिन्यावरून ओरडली, "अगं बाई, कलेक्टर आले की!" सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात. मुलींनी मान दिला असं वाटलं असावं तुम्हाला.

सुट्टीत ती मुलगी गावी गेली आणि नाव तिच्याबरोबर गेलं. कोणता घड कापायचा ते तुम्ही अंगठ्यानं दाबून ठरवायचात. दिल्लीला पोचेपर्यंत तो टिकेल की वाटेतच पिकेल, हे तुमच्या अंगठ्याला कळायचं. बागेचा मालकही त्यापुढे बोलत नसे. त्याच बागेत आता घड वाहणारे म्हणू लागले, "कलेक्टरसाहेब, सही करा ना या घडावर!"

उन्हाळ्यात मी घरी आले, तर मालकाच्या बैलाला तुम्ही म्हणत होता, "चाल रे कलेक्टर, आपन दोघं एकाच हुद्द्याचे." विहिरीवरचं इंजिन सुरू होईना, तेही कलेक्टर. आईचा पोचा पडलेला हंडा, शेजारणीचं मुठी आवळून रडणारं तान्हं बाळ, सगळ्यांना तेच नाव. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. मी चिडले. "भाऊ, लोक हसतात." तुम्ही हातावरचा चीक रॉकेलनं काढत होता. म्हणालात, "एकट्याच्या अंगावर होतं तं टोचे. वाटून टाकलं." मग मान वर न करता विचारलंत, "पन मले हे नाव ठेवलं कोनं वं, माय?"

"काय माहीत," मी म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.

तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाही. तुम्हाला ठाऊक होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. ठाऊक असेल, तर ते वाटप कुणासाठी चाललं होतं?

मीच ठेवलं, भाऊ. एवढंच लिहायला बसले होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पाकीटही काढलं. त्यावर तुमचं खरं नाव घातलं. त्या नावानं पत्र तेव्हाही पोचलं नसतं. पोस्टमन गावभर विचारत फिरला असता. कलेक्टर लिहिलं असतं, तर नीट दारात आलं असतं. पाकिटावर तो शब्द माझ्या हातानं अजून लिहवला नाही.