बोडकी मोटार, तिचा टप आणि माझ्यामागची व्यवस्था

मी, उत्तरेश्वर विठ्ठलराव आबुज, वय सेहेचाळीस, शिक्षण बी.एस्सी., धंदा साखर कारखान्याच्या शेतकी कार्यालयात कारकुनी आणि थोडी शेती, राहणार सावरवाडी, तालुका माजलगाव, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो, ते असे.

माझी बुद्धी शाबूत आहे. या विधानाला माझी पत्नी सौ. जानकी हिची हरकत आहे. ती नोंदवून पुढे जातो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, असेही लिहायचे असते. पण ते खरे होणार नाही. हा कागद मी जानकीच्या दडपणाखालीच करत आहे. उद्या सोमवारी मी वडिलांची जुनी मोटार घेऊन धारूरच्या घाटाने अंबाजोगाईला पासिंगसाठी निघणार आहे. मोटारीचे ब्रेक मी स्वतः बसवले आहेत. त्याआधी मी सायकलचेही ब्रेक बसवलेले नव्हते. जानकी म्हणाली, "जायचं तर जा, पण आधी कागद करून ठेवा. तुमच्या मागं त्या डबड्यावरून भाऊजींशी भांडायला मला सवड न्हाई."

कलम १. राहते घर, पतसंस्थेतील ठेव आणि बरडावरची जमीन जानकीला द्यावी. जमीन देताना मला संकोच वाटतो, कारण तिच्यात मातीपेक्षा दगड जास्त आहेत. गेल्या दोन वर्षांत तिने काही पिकवलेले नाही. मात्र पाऊसच नव्हता, त्यामुळे दोष जमिनीचा किती आणि आभाळाचा किती, हे मला वेगळे काढता आलेले नाही.

कलम २. माझ्या डायऱ्या जाळू नयेत आणि वाचूही नयेत. मग त्यांचे करायचे काय, यावर मी बराच विचार केला. उत्तर सापडले नाही. जानकीने तिला योग्य वाटेल ते करावे. तसेही ती तेच करील.

कलम ३. पान्ह्यांचा संच, जॅक आणि ग्रीसचा डबा सिदूला द्यावा. सिदू आमच्या गावचा ट्रॅक्टरचा फिटर. यंदा ऊस नव्हता म्हणून कारखान्यात गाळपाची मोळी पडली नाही, आणि मोळी पडली नाही म्हणून आम्हा शेतकीवाल्यांना घरी बसवले. घरी बसलेल्या माणसाने काय करू नये, तर कोंबड्या बसत असलेली मोटार उघडू नये. मी ती उघडली. एक इंग्रजी पुस्तकही मागवले. त्यात सगळे सुटे करायची कृती नीट दिली आहे, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, आता हेच उलट क्रमाने करा, एवढेच. मी उलट क्रमाने केले. परातभर भाग उरले.

मी विचारले, "सिदू, हे कुठले?"

"सर, ट्रॅक्टरला ह्ये नसतंय."

"अरे, ही मोटार आहे."

"मंग चालंल की ट्रॅक्टरवानी."

आणि इंजिन सुरू झाले. तेव्हा आम्ही दोघेही घाबरून मागे सरलो, हे सत्य आहे. उरलेले भाग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. ते मोटारीबरोबर मोटारीच्या वारसाला द्यावेत. ते आत असताना काय काम करत होते, हे त्याला कळल्यास माझ्या फोटोसमोर सांगावे.

कलम ४. शेजारी म्हाळू याच्या शेळीने मागच्या सीटमधला काथ्या खाल्ला. चारा छावणीत गाई-बैलांना जागा होती, शेळ्यांना नव्हती. त्यामुळे शेळीला मी मनापासून माफ केले आहे. म्हाळूची गोष्ट वेगळी. तो दुसऱ्या दिवशी सकाळी दारात येऊन म्हणाला, "सर, तुमच्या गाडीनं शेळीचं पोट फुगलंय. आता तिला दवाखान्यात न्यायला गाडी तरी द्या." म्हाळूला या मृत्युपत्राने काहीही मिळू नये.

कलम ५. टँकरचे पाणी घरात मोजून वापरायच्या दिवसांत मी त्यातले रेडिएटरला घातले. रेडिएटर गळतो. जानकीने खाली पातेले लावले आणि गळलेले पाणी कढीपत्त्याला घातले. कढीपत्ता वाळला. यात माफी कोणी कोणाची मागायची, हा प्रश्न आमच्यात अजून सुटलेला नाही. माझ्या मृत्यूनंतर तो तिच्या बाजूने सुटला असे समजावे.

कलम ६. मोटार. मॉरिस मायनर, १९५६ सालची, कापडी टप खाली पडणारी. वडिलांनी ती हैदराबादच्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून आणली. सहकारी कारखाना उभा राहायचा होता तेव्हा वडील टप खाली टाकून, सीटवर उभे राहून, गावोगाव लोकांना शेअर घ्यायला सांगत. टप कायम खाली, म्हणून लोक तिला बोडकी म्हणत. आईला तो शब्द खपत नसे. पाहुणे आले की ती आधी टप वर करून यायची आणि मग चहा टाकायची. वडील स्टेअरिंगला, मी मागच्या सीटवर, आणि थोरले बंधू गहिनीनाथ, म्हणजे आमचे दादा, पुढे उभे राहून हँडल मारायचे. मोटार सुरू झाली की पळत येऊन बसायचे. वडिलांनी त्यांना ती कधी चालवू दिली नाही.

वडिलांच्या माघारी वाटणी झाली. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. म्हणजे थोरला वाटे सारखे पाडतो. पंच होते शहादेवमामा. ते म्हणाले, "गाडी एक, भाऊ दोन. गाडीचे बी दोन वाटे झाले पायजेत." म्हणून टप सांगाड्यासकट उतरवला. दादांनी एका वाट्यात नदीकाठची काळी जमीन आणि टप ठेवला, दुसऱ्यात बरड आणि टपाविना मोटार. मी विचार केला, मला नोकरी आहे, दादांना तीन मुली आहेत. काळी त्यांनाच राहावी. मी बरड उचलला. त्या दिवशी मला स्वतःच्या मोठ्या मनाचे फार कौतुक वाटले होते, हे लिहिणे भाग आहे. दादा उठून गेले. या गोष्टीला सोळा वर्षे झाली. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरते बोलतात. टप त्यांनी गोठ्यात आढ्याला टांगून ठेवला. दोनदा मागितला, दिला नाही.

गेल्या आठवड्यात टँकरपाशी कौशल्यावहिनी जानकीला म्हणाल्या, "अगं, ह्यांना गाडीच पायजे हुती. ती कुणी उचलू न्हाई म्हणून तर तिच्यासंगं बरड जोडला हुता! तुझा नवरा एवढा शिकलेला, काळी सोडून दगडं उचलंल, आसं कुणाला वाटतंय?"

हे कळल्यापासून मला जेवण गोड लागलेले नाही. मी त्यांच्यासाठी जमीन सोडली आणि नेमके त्यांचे तेच घेतले. यंदा सिंदफणा कोरडी असल्याने काळी आणि बरड सारख्याच दिसतात. मोटार मात्र एकच आहे.

म्हणून बोडकी मोटार, उरलेल्या भागांच्या डब्यासह, माझ्या मृत्यूनंतर दादांना द्यावी. म्हणजे मोटार आणि टप एका घरी येतील. जिवंतपणीच का देत नाही, असे जानकीने विचारले. दादा घेणार नाहीत, हे एक कारण. मेलेल्याला नाही म्हणता येत नाही, हे दुसरे. तिसरे कारण मी तिला सांगितले नाही. ते समोरासमोर नाही म्हणाले, तर ते ऐकून घरी परत कसे यायचे, हे मला माहीत नाही.

कलम ७. साक्षीदारांविषयी. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याला दिलेले अडचणीत येते, असे माजलगावच्या वकिलांनी सांगितले. त्यामुळे जानकी बाद, सिदू बाद. ज्याला काहीच द्यायचे नाही असा जवळपास म्हाळूच सापडला. दुसरा शोधायचा होता. पण त्याआधी, ज्याला काही द्यायचे त्याला अंधारात ठेवणे बरे नव्हे, म्हणून आज दुपारी मी दादांच्या अंगणात जाऊन त्यांना कलम ६ वाचून दाखवले. पुढे झाले ते जसेच्या तसे लिहितो, कारण त्याचा या कागदावर परिणाम होतो.

दादा बाजेवर बसून होते. मी वाचून थांबलो. त्यांनी विचारले,

"कवा मरनार हाईस?"

"तसं काही ठरलेलं नाही, दादा."

"मंग मी कवर वाट बघू? आठ वर्सांनी थोरला हाय बे मी तुझ्यापेक्षा! आधी कोन जानार?"

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. वहिनी आतून म्हणाल्या, "दोघं बी गेल्यावर चिमन्यांच्या नावानं करा. त्याच ऱ्हात्यात त्या टपात."

दादा म्हणाले, "गाडी कावून उचललीस त्या दिवशी?"

"गाडी नाही उचलली. बरड उचलला. पोरींसाठी काळी तुमच्याकडं राहावी म्हणून."

"मंग तसं बोलायचं न्हाई का?"

"तुम्ही तरी कुठं बोललात, गाडी पाहिजे म्हणून?"

"वाटे पाडनारानं बोलायचं नसतंय." ते उठले. "साक्षीदार किती झाले?"

"एक. म्हाळू."

"दुसरा मी. आन तो कागद."

"दादा, साक्षीदाराला काही मिळत नसतं. सही केली तर मोटार जाईल तुमची."

"आत्ताच तर वाचलंस, कळलंय मला. तू मेल्यावर आलेली गाडी दारात उभी करून तिच्याकडं बघत बसू का मी? उद्या किती वाजता निघायचं?"

"सहाला."

"ब्रेक तू लावलेस ना?"

"हो."

"मंग डाव्या अंगाला मी बसतो. हातब्रेक माझ्या हातात ऱ्हाईल."

सबब कलम ६ रद्द समजावे. त्याजागी दुसरे काय लिहावे, हे मला आज ठरवता येत नाही. अंबाजोगाईहून परत आल्यावर, आल्यास, लिहीन. बाकी कलमे कायम. वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: उ. वि. आबुज
ठिकाण: सावरवाडी, ता. माजलगाव, जि. बीड
दिनांक: १७ एप्रिल २०१६, रविवार

साक्षीदार पहिला: म्हाळू, राहणार शेजारी. अंगठा. (कलम ४ वाचून दाखवले. शेळी आता बरी आहे, हे नोंदवावे असे म्हणाला. नोंदवले.)

साक्षीदार दुसरा: गहिनीनाथ विठ्ठलराव आबुज. सही. सहीखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले ते असे:

उत्तरेश्वरने माझ्या देखत सही केली. टप झटकून गाडीवर बसवला आहे, एक बाजू जरा वर राहते. घाट चढताना तो चालवील. उतरताना मी.