तुझ्या सासूबाई दुकानात आल्या

लाडक्या लेकीस,

तुझ्या लग्नात सगळ्यांदेखत मी म्हणालो, "सगळे धर्म सारखेच, असं मी म्हणणार नाही. येशूवाचून तारण नाही." तू उठून गेलीस आणि आठ महिने माझ्याशी बोलली नाहीस. वेळ चुकली, हे कबूल. पण शब्द मागे कसे घेऊ? सगळंच खरं म्हटलं, की कशासाठी जीव टाकावा असं काही उरतच नाही.

काल तुझ्या सासूबाई चष्म्याची दांडी बसवून घ्यायला दुकानात आल्या. मी मान खाली घालून स्क्रू पिळायला घेतला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मलाही सगळं सारखं वाटत नाही हो. तुम्ही आमच्या वाटेनं यावं, म्हणून मी रोज प्रार्थना करते."

मी म्हणालो, "आणि मी तुमच्यासाठी रोज जपमाळेची प्रार्थना म्हणतो."

"मग बघू या, कुणाचं ऐकलं जातं ते!"

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. माझं म्हणणं मनावर घेऊन तितक्याच ठामपणे नाही म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

जाताना त्या म्हणाल्या, "रविवारी घरी या. सून माझी असली, तरी हट्ट तुमचाच उचललाय तिनं."

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. रविवारी चर्चमधून ते घेऊनच थेट तुझ्या दारात येतो. मत तेच असेल, पोरी. पण या वेळी आधी तुला जवळ घेईन.

तुझा हट्टी
पपा