बोस्टनची बस आणि मंगलची ओंजळ

नाशिक, बुधवार, १७ सप्टेंबर १९७५

आज सातवीच्या मुलींना अमेरिकेतल्या बोस्टनबद्दल सांगितलं. कोर्टाच्या हुकमाने काळी मुलं बसने गोऱ्यांच्या शाळेत जाऊ लागली, तर लोकांनी बसवर दगड मारले. मुली हळहळल्या. "बाई, कसली माणसं हो ती!" सुमन म्हणाली.

मधल्या सुट्टीत तीच सुमन माठाशी उभी राहून मंगलच्या ओंजळीत वरून पाणी ओतत होती. सवयीने, हसत, गप्पा मारत. मंगल माझ्यासारखीच बौद्ध. शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. तिला बाजूला घेऊन म्हटलं, "पेला तूच बुडवून घे ना." ती घाबरलीच. "नको बाई. मग त्या मला लंगडीत घ्यायच्या नाय."

ती ओंजळ डोळ्यांपुढून हलत नाही. दगड पडणाऱ्या बसमध्ये मी आधी पोरीलाच बसवायला निघाले! आणि मी स्वतः? नोकरी लागल्यापासून घरून फिरकीचा तांब्या नेते. आई म्हणते, "नवी नोकरी आहे, उगाच वाद नको." घरातली पहिली पदवीधर झाले, ती कशासाठी मग?

उद्या तांब्या घरीच राहील. सगळ्यांसमोर माठात पेला मी बुडवणार. लोकांना काय बोलायचं ते मला बोलू देत.