उघड्या पायांचं घुबड

७ नोव्हेंबर

संग्रहालयातलं पक्ष्यांचं जुनं दालन रिकामं झालं एकदाचं! कपाटं निघाली आणि बाबांचं मत्स्यघुबड माझ्या टेबलावर आलं. बाबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांतलं हे शेवटचं. बाकीचे कसरीने खाल्ले. इतकी वर्षं इथे दुरुस्तीचंच काम करते, पण याची काच कधी उघडली नव्हती. धूळ झाडताना म्हटलं, "डोळे मीट हं." काचेचे डोळे, मिटतात कुठले!

दालनाच्या नव्या प्रमुख बाई आल्या. चष्मा सरसावून वाकल्या. "याच्या पायांना पिसं कशी हो? मत्स्यघुबडाचे पाय उघडे असतात. नमुनाच चुकीचा आहे. शनिवारी टाकाऊ सामान जाईल, त्यात द्या."

टाकाऊ! राग आला. जास्त राग याचा, की बाईंचं बरोबर होतं.

८ नोव्हेंबर

दिवसभर लहानपणीचा तो ओढा डोळ्यांपुढे. बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी पहाटे त्यांच्याबरोबर तिथली मत्स्यघुबडाची मादी बघायला जायची. "अजिबात बोलायचं नाही," असं मला बजावायचे आणि स्वतःच बोलत सुटायचे! इतर घुबडं उडाली तरी कळत नाही. या मादीच्या पंखांचा मात्र चांगला आवाज यायचा. "पाण्यातल्या माशाला कुठलं ऐकू जायला? मग मऊ पंखांचे लाड कशाला!" – इति बाबा. तळपाय किसणीसारखे खरखरीत, मासा निसटू नये म्हणून. तिच्या आवडत्या खडकाखाली खेकड्यांच्या कवचांचा चुरा पडलेला असायचा. मी तो फ्रॉकच्या खिशात भरून आणायची आणि आई कपाळाला हात लावायची.

एकदा ती चक्क चालत पाण्यात उतरली. मी हसले, तर ती उडाली. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "पाहिलेस पाय? रोज भिजायचं तर मोजे कोण घालेल?"

किती सुखाच्या होत्या त्या पहाटा! पुन्हा एक मिळाली तर मी तोंडातून ब्र काढणार नाही.

पण म्हणजे बाबांना ठाऊक होतं. मग ही पिसं?

९ नोव्हेंबर

कपाटांचे सुतारकाका डोकावले. "तुझ्या बापाने घुबडाला मोजे घातले की गं!" हसले त्यांच्याबरोबर. मग हात धुवायच्या निमित्ताने आत जाऊन रडले.

१० नोव्हेंबर

भिंग घेऊन बसले. पिसं घुबडाचीच, पण पोटावरची. काही तर चक्क उलटी! आणि चिकटवलीत कशाने? कणकेच्या खळीने! बाबा खळीला शिवायचेसुद्धा नाहीत. "किडीला आमंत्रण आहे ते," म्हणायचे.

मग हे काम कुणाचं? की बाबांनीच एकदा घाईघाईत उरकून टाकलं? पिसं काढून बघावं, तर हात धजत नाही. खाली भलत्याच पक्ष्याचे पाय निघाले तर? मग बाईच खऱ्या, आणि बाबा... बाबांच्या हाताबद्दल मला कधी शंका आली नव्हती. आज आली.

उद्या शनिवार.

११ नोव्हेंबर, सकाळी

आईला फोन लावला. सगळं सांगितलं. तर ती खो खो हसायलाच लागली!

"अगं, तूच चिकटवलीस ती! पाच वर्षांची होतीस, तापाने फणफणलेली. दुसऱ्या दिवशी दालन उघडायचं, म्हणून यांनी तो पक्षी पुरा करायला घरी आणलेला. दुपारी जरा लवंडले, तर तू त्यांच्या डब्यातली सुटी पिसं घेतलीस, दादाच्या वह्यांसाठी केलेली माझी खळ घेतलीस – का, तर घुबडाला थंडी वाजते! साहेबांनी चारचौघांत झापलं त्यांना. काढा म्हणाले. हे हटूनच बसले. माझ्या पोरीला विचारल्याशिवाय काढणार नाही, म्हणे."

कधी विचारलं नाही त्यांनी.

खळ सोडवायला कोमट पाणी आणि कापूस घेतलाय. बाबा, काढते हं.