ढोल्यांच्या विहिरीची नियमावली

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
दिवाळी झाली. आजपासून डायरी. आष्टीच्या बाजारातून आणली, निळं कव्हर. मोबाईलवरच्या व्हिडिओतले सर सांगतात की खरा लीडर रोज आपला एक डिसिजन लिहून काढतो. शहाणपण त्यातून येतं, वयानं येत नाही. माझं वय बासष्ट. म्हणजे उशीर झालेला नाही.

एकतीस वर्षं वर्ध्याच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळलं. एक कागद हरवला नाही. पण डिसिजन सगळे साहेबांचे. रिटायर होऊन गावी आलो आणि पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मला तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष केलं. भांडणं पोलिसात-कोर्टात जाण्याआधी गावातच मिटवायची, हे काम. निवड एकमतानं. दुसरं कोणी तयार नव्हतं, हा भाग वेगळा.

अडचण एकच. अडीच महिन्यांत एकही तंटा आलेला नाही. अशानं जजमेंट कशावर डेव्हलप करायचं?

संकल्प : कोणालाही उत्तर देण्याआधी पाच सेकंद थांबायचं.

५ नोव्हेंबर
पाच सेकंदांचा सराव. बायकोनं, सुनीतीनं, चहा हवा का विचारलं. थांबलो. तिला वाटलं नको. चहा मिळाला नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार
मोठी बातमी. तंटा सापडला.

चक्कीवर दळण घेऊन उभा होतो. पुढे सचिन ढोले. चक्कीवाल्याला सांगत होता की आईनं आज पुन्हा दादालाच पाणी दिलं. एवढंच बोलला आणि पीठ घेऊन निघाला. मी मागोमाग गेलो, सगळं विचारून घेतलं. ओमप्रकाश आणि सचिन, सख्खे भाऊ. दोघांची संत्र्याची झाडं धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, दोन बाजूंना. मधे वडिलांच्या वेळची एकच विहीर, एकच मोटार. आज मोटार कोणाची, हे रोज सकाळी त्यांची आई मनकर्णाबाई सांगते. वडील गेल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, हेच चालू आहे.

सचिन म्हणाला, तंटा वगैरे काही नाही, सहज बोललो. मी पाच सेकंद थांबलो आणि म्हणालो की दडपलेला तंटा जास्त घातक असतो. त्यानं पिठाचा डबा दुसऱ्या खांद्यावर घेतला. विचारात पडला असावा.

१० नोव्हेंबर, रविवार
ढोल्यांकडे स्थळपाहणी. मनकर्णाबाई अंगणात तूर निवडत होती. पंचाहत्तरची असेल, ठेंगणी, काटक. पाणी कोणत्या निकषावर देता, असं विचारलं. निकष म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पाह्यते अन् सांगते."

नोंद केली : निकष नाही. लेखी काही नाही. पारदर्शकता शून्य.

ओमप्रकाश चोपन्नचा, गुडघ्यानं अधू, शांत माणूस. म्हणाला की आमचं बरं चाललंय. अन्याय सहन करणाऱ्याला तो अन्याय वाटत नाही, हे व्हिडिओत आहेच.

१२ नोव्हेंबर
दिवसभर ड्राफ्टिंग. नऊ कलमं झाली. मुख्य कलम सोपं : सोमवार ते रविवार एक आठवडा ओमप्रकाशचा, पुढचा सचिनचा. मग पुन्हा ओमप्रकाश. कोणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. कलम चारही महत्त्वाचं : एकाच्या पाळीत दुसऱ्यानं मोटारीला हात लावू नये, आणि आपल्या पाळीचं पाणी दुसऱ्याच्या शेतात सोडू नये. हे नसतं तर पळवाट राहिली असती.

सुनीतीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यांनी मागितलंय का? लीडरला मागणीची वाट पाहता येत नाही. हे तिला सांगितलं नाही, इथे लिहितोय.

१७ नोव्हेंबर, रविवार
सह्या झाल्या. दोघा भावांनी माझ्या शब्दाला मान देऊन सही केली. सचिननं आईकडे पाहिलं, आई तुरीकडे पाहत होती. फोटो काढला. माझे डोळे मिटलेले आले. पुन्हा काढा म्हटलं तर ओमप्रकाश ढोरांना पाणी पाजायला निघून गेला होता.

मन भरून आलं. एकोणीस वर्षांचा प्रश्न दहा दिवसांत सुटला.

२८ नोव्हेंबर
सचिनचा पहिला आठवडा. रस्त्यात भेटला, डोळे लाल. शेतीची लाइन या आठवड्यात रात्रीची आहे म्हणाला. आमच्या फीडरवर एक आठवडा दिवसा वीज असते, एक आठवडा रात्री. त्याला म्हटलं, पुढच्या पाळीत दिवसा मिळेल. धीर धरणं हाही गुण आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार
सचिनची दुसरी पाळी. पुन्हा रात्रीची लाइन. योगायोग.

सुनीती भाकरी थापता थापता म्हणाली की लाइन आठवड्यानं बदलते आणि तुमची पाळीही आठवड्यानंच बदलते, मग त्याला जन्मभर रात्रच येणार. तिला म्हटलं, दोन वेळांवरून निष्कर्ष काढणं घाईचं आहे, तिसरा डेटा येऊ दे. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

२६ डिसेंबर
तिसरा डेटा आला. रात्र.

मनकर्णाबाई या सगळ्याचं काय करत होती, ते आज कळलं. लाइन कधी आहे, कोणाचं लेकरू आजारी आहे, कोणाची झाडं माना टाकतात, हे बघून ती ठरवायची. चांगलं होतं, पण लेखी नव्हतं.

२९ डिसेंबर, रविवार. दुपारी ३
चूक दुरुस्त करतो तोच मोठा लीडर. दुरुस्तीपत्रक काढलं : उद्यापासूनचा आठवडाही सचिनचाच, मग पूर्ववत. म्हणजे आता दिवसाची वीज त्याला.

ओमप्रकाशनं सही केली. "हो जी," एवढंच म्हणाला. मोठ्या मनाचा माणूस. सुनीतीनं विचारलं, मग आता रात्री त्या अधू गुडघ्याच्या माणसाला जावं लागेल ना? मी पाच सेकंद थांबलो. मग दहा. ती उठून गेली.

८ जानेवारी, बुधवार
वाईट झालं. ओमप्रकाश काल रात्री ओलायला, म्हणजे झाडांना पाणी द्यायला गेला, पाण्याच्या दांडातल्या चिखलात पाय घसरला. मांडीचं हाड मोडलं. पहाटेपर्यंत तिथेच पडून होता. शेजारच्या शेतातला गडी कामावर आला तेव्हा दिसला. वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. बायको आणि मुलगी आकांक्षा तिकडेच आहेत. ऑपरेशन होणार, महिना लागेल म्हणतात.

यात नियमावलीचा थेट संबंध नाही. चिखल कोणत्याही पद्धतीत असतो.

९ जानेवारी
सचिन सकाळीच आला. बसला नाही. दादाच्या झाडांवर मृग बहराची फळं आहेत, पाणी तुटलं तर गळतील, मी ओलून देऊ का, असं विचारत होता. मला कलम चार आठवलं. आज एक सवलत दिली तर उद्या कागदाला काय किंमत? शिवाय दादाच्या गैरहजेरीत मोटारीला हात लावला अशी पुढे तक्रार झाली तर? त्याच्याच भल्यासाठी नाही म्हटलं. पण त्याच्या भावनेचं कौतुक केलं.

कठीण निर्णय होता. व्हिडिओतले सर म्हणतात, कठीण निर्णयानंतर माणसाला एकटं वाटतं. वाटलं.

२१ जानेवारी, मंगळवार
मनकर्णाबाई घरी आली. सुनीतीनं तिला खुर्ची दिली, ती उंबऱ्याशीच बसली. तिचं म्हणणं एवढंच होतं की लहान्याला मोठ्याच्या झाडाला पाणी सोडू द्या. तिनं सचिनला आधीच सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, अध्यक्षानं नाही म्हटलंय, उद्या दादा काय म्हणेल.

मी तिला समजावलं की नियम मोडायचा तर दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात आणि एक पक्ष दवाखान्यात आहे. ती ऐकत होती. सुनीतीनं तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. तो पदराला बांधून ती गेली.

सुनीती रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. घरच्यांना सार्वजनिक जबाबदारी कळायला वेळ लागतो.

२४ जानेवारी
फोनवरून संमती घ्यावी असं सुचलं. ओमप्रकाशला फोन लावला. आकांक्षानं उचलला, बाबा झोपलेत म्हणाली. पुन्हा करतो म्हटलं.

२७ जानेवारी
फोन करायचा राहिला. काल झेंडावंदनाला भाषण होतं. विषय : समंजस गाव.

२ फेब्रुवारी, रविवार
ओमप्रकाश घरी आला. काठीच्या आधारानं आधी शेतातच गेला. मी स्वागताला गेलो होतो, म्हणून सगळं समोर घडलं. झाडाखाली संत्र्यांचा सडा. वर पानं वळलेली. धुऱ्याच्या पलीकडे सचिनची झाडं हिरवीगार. त्यानं पाणी दिलं होतं, आपल्या पाळीत, आपल्याच झाडांना. कागदाप्रमाणे.

ओमप्रकाशनं एक संत्रं उचलून दाबलं. आत कोरडं.

"अध्यक्षानं नाई म्हटलं, अन् तू थांबला?"

सचिन खाली पाहत होता. म्हणाला, "सही तर तूबी केलती, दादा."

"मी तुयासाठी केलती."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिथे नव्हतोच जणू. माझा स्वागताचा नारळ हातातच राहिला, तो घरी परत आणला.

९ फेब्रुवारी, रविवार
सलोखा बैठक, ग्रामपंचायतीत, सकाळी दहा. खुर्च्या पुसून घेतल्या. साडेअकरापर्यंत वाट पाहिली. शिपाई रामाजी आला होता, त्याला कुलूप लावायचं होतं.

अनुपस्थितीतूनही काही कळतं. काय ते अजून कळलं नाही.

१८ फेब्रुवारी
ओमप्रकाशच्या बायकोनं धुऱ्यावर काटेरी कुंपण घातलं. मनकर्णाबाई आतापर्यंत सकाळी एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे जेवायची. आता कुंपणाला वळसा घालून जावं लागतं. ती एकदाच जेवते म्हणे.

नवीन कलम सुचलं होतं, जेवणाच्या पाळीचं. लिहिलं नाही.

५ मार्च, बुधवार
सचिननं बैलजोडी विकून बोअर मारला, विहिरीपासून जेमतेम चाळीस पावलांवर. पाणी लागलं. मला कोणी बोलावलं नाही, मशीनच्या आवाजावरून गेलो. सचिनला म्हटलं, बरं झालं, आता विहिरीचा प्रश्नच मिटला. तो म्हणाला, "हो जी." ओमप्रकाशही असंच म्हणाला होता. दोघांचा आवाज अगदी सारखा आहे, हे आज लक्षात आलं.

वादाचं मूळ नाहीसं झालं. याला यश म्हणायला हरकत नाही.

२८ मार्च
विहिरीची मोटार अर्ध्या तासात हवा ओढते. बोअरनं झरा ओढला असं लोक बोलतात. ओमप्रकाशनं मोटार काढून घरात ठेवली.

२२ एप्रिल, मंगळवार
बोअरमधूनही आता गढूळच येतं, आणि तेही थांबून थांबून.

ओमप्रकाशकडे करवतवाले आले होते. पन्नास-साठ झाडं असतील. तो बाजेवर बसून पाहत होता. सचिन कुंपणाच्या अलीकडे उभा होता, बराच वेळ. एक फांदी कुंपणावर पडली ती त्यानं उचलून दादाच्या बाजूला ठेवली. एवढीच देवाणघेवाण.

मी रस्त्यावरूनच पाहिलं. जवळ जायचा विचार केला. पाच सेकंद थांबलो, आणि थांबलोच.

३ मे
सुनीतीला विचारलं, माझं नेमकं कुठे चुकलं. तिनं पाच सेकंद थांबून उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. ती लगेच म्हणाली, चक्कीवर.

११ मे, रविवार. सकाळी ९.४०
मनकर्णाबाई समुद्रपूरला लेकीकडे निघाली. परत कधी, ते सांगितलं नाही. सुनीतीनं मला उठवून फाट्यावर पाठवलं.

रात्री उशिरापर्यंत विचार करून ठरवलं होतं. सगळा कागद फाडायचा, राजीनामा द्यायचा, पाणी वाटायचं काम पुन्हा तिच्याकडे द्यायचं. एवढा साधा आणि बरोबर निर्णय मी आयुष्यात घेतला नव्हता. फाट्यावर ती एकटीच उभी होती. मुलांपैकी कोणी नाही. एक आला तर दुसऱ्याला वाईट वाटेल म्हणून तिनंच दोघांना येऊ दिलं नाही. मी कागद काढला, तिच्यासमोर फाडला. म्हटलं, बाई, मागे फिरा, आता तुम्ही म्हणाल तसं.

तिनं तुकड्यांकडे पाहिलं. रागावली नाही. तेवढी तरी रागवायला हवी होती.

"वाटाले पाणी कुठी हाय, भाऊ?"

एसटी आली. गर्दी नव्हती. मी तिची पिशवी घेतली, पुढे होऊन जागा धरली, तिला खिडकीशी बसवलं. पिशवी वरच्या रॅकवर नीट आत सरकवून ठेवली. वर्ध्याला गाडी बदलायची आहे, पिशवी विसरू नका, असं दोनदा सांगितलं. तिनं मान हलवली. मी खाली उतरलो.

तिचा हात रॅकपर्यंत पोचत नाही, हे गाडी वळणाआड गेल्यावर लक्षात आलं.