हळदीकुंकवाला दिलेली रोपं

पुणे, १९ जानेवारी २०२६

ती. स्व. शशिकलामावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलवत नाही, शेजारी कोणी ना कोणी असतंच, म्हणून कुरिअर. नाताळात तुझ्या करंजाड्याच्या बाल्कनीत ठेवलेली वांग्याची सहा रोपं नर्सरीतली नाहीत. आमच्या प्रयोगशाळेतली आहेत. त्यांच्यात जिवाणूचं जनुक घातलंय. शेंडा पोखरणारी अळी त्याने मरते. जास्तीची रोपं जाळायची होती. जाळली अशी सही केली आणि पिशवीत घालून आणली. तीन वर्षांचं काम, हात धजला नाही. परवानगीशिवाय ती बाहेर ठेवता येत नाहीत. कळ्या दिसल्या तर खुडून टाक. पराग दुसऱ्या वांग्यांवर जायला नको. शनिवारी न्यायला येते. रागावशील, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
रुचिरा


करंजाडे, २३ जानेवारी

चि. रुचिरास अ. उ. आ.

बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या मावशीला फक्त पाणी घाल म्हणून सांगून गेलीस. तुझं पत्र बुधवारी आलं. रविवारी माझं हळदीकुंकू झालं होतं. यंदा प्लॅस्टिकचे डबे नकोत म्हणून मी तीच रोपं वाण दिली, आणि वर मिरवलंही.

दोन दिवस दारोदार फिरले. रोपांना रोग आहे असं खोटं सांगितलं. समोरच्या गुलशनने न विचारता कुंडी हातात दिली. रोडपालीच्या आशालताने मात्र चारचौघींत ऐकवलं, की वाण परत मागणारी बाई तिने जन्मात पहिल्यांदा पाहिली. पाच आली. सहावं शेजारच्या चारुताने गावी नेऊन दिराच्या वांग्यांच्या मळ्यात लावलंय. ती देत नाही. एवढं निरोगी रोप रोगट कसं, असं विचारते. काय सांगू? शनिवारी ये, पाच घेऊन जा.

तुझी मावशी


पुणे, २६ जानेवारी

ती. स्व. मावशीस सा. न.

शनिवारी येता आलं नाही. नोंदींची तपासणी सुरू झालीय, सुट्ट्या बंद आहेत. चारुताकाकूंना खरं सांगू नकोस. नोकरी जाईल, आणि माझ्यामुळे प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचं या वांग्यावरचं काम बंद पडेल. हवं तर तू गुपचूप जाऊन उपटून टाक. पाया पडते.

रुचिरा


करंजाडे, २९ जानेवारी

चि. रुचिरास आशीर्वाद.

काल मळ्यात गेले. गुपचूप उपटायला वाकलेही. पण रोपाला चार फुलं उमलली होती, त्यांवर मधमाशा बसत होत्या. पराग शेजारच्या वांग्यांवर गेलाच असणार. मग उपटून काय उपयोग?

चारुताला बोलावून सगळं सांगितलं. विष आहे का, असं तिने विचारलं. नाही म्हणाले. मग एवढं घाबरायचं कशाला, म्हणाली. मी म्हटलं, तुला न विचारता दिलं म्हणून. तिने स्वतः रोप खणून दिलं. तिचा दीर दरवर्षी त्याच मळ्याचं बी धरतो आणि गावभर रोपं देतो. कुठली फळं बियाला ठेवायची नाहीत, ते त्याला ठरवायचं आहे. म्हणून त्याने रोपात काय होतं ते लिहून मागितलं. मी सहीनिशी लिहून दिलं. कोणी आणलं, विचारलं. तुझं नाव सांगितलं.

मंगळवारी दीर तो कागद कृषी कार्यालयात नेणार आहे. सोमवारी तू आपल्या तोंडाने साहेबांना सांग. साडेदहाला मी तुझ्या ऑफिसच्या दारात असेन. आत येणार नाही, पण तू बाहेर येईपर्यंत हलणारही नाही.

तुझ्यावर लोभ आहे, तो तुला विचारून ठेवलेला नाही.

शशिकलामावशी