बोर्डाबाहेर गेलेला शब्द

ती. वहिनींना नमस्कार.

तुमचे गुडघे काय म्हणतात? दादाला ऐकू येतं का? (निदान तुमचं तरी?) माझी प्रकृती ठणठणीत आहे. अपमान तेवढा झाला आहे.

आमच्या इंग्रजी शब्दखेळाच्या क्लबाचे अध्यक्ष म्हणजे तुमच्या लेकीचे सासरे, दाताचे डॉक्टर. माणूस सज्जन, पण चार अक्षरांपुढे गेला की धाप लागते. (व्याही आहेत म्हणून इथेच थांबते.) खेळताना प्रत्येकाला पिशवीतून अक्षरांच्या सातच सोंगट्या मिळतात, त्यांचा शब्द बोर्डावर मांडायचा. सातांत कसला डोंबलाचा शब्द होणार? कॉन्व्हेंटमध्ये वर्गात बोलले म्हणून सिस्टरनी मला फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन हा शब्द पाठ करायला लावला होता. तो मरण्याआधी एकदा बोर्डावर मांडायचाच, म्हणून सहा महिने दर गुरुवारी एकदोन अक्षरं पर्समधून घरी आणत होते. याला ते चोरी म्हणतात. आपल्याकडे याला काटकसर म्हणायचे. आणि मी म्हणते, पिशवीत एकही 'आय' उरला नव्हता, तरी कुणाच्या लक्षात येऊ नये? खुशाल खेळत होते, जिंकतही होते.

गेल्या गुरुवारी मांडायला घेतलं. बोर्ड संपला, शब्द संपेना. मग टेबलावर उतरले, शेजारी खेळणाऱ्या बँकवाल्या बाईंची चष्म्याची डबी सरकवली, कपबशीला वळसा घातला, आणि शेवटचा 'एन' व्याह्यांच्या मांडीवर ठेवावा लागला. गृहस्थ जागचे हलले नाहीत, एवढं श्रेय त्यांना देते. नुसतं विचारलं, "बाई, याचा अर्थ काय?"

मी म्हटलं, "एखादी गोष्ट कवडीमोलाची ठरवणं. उदाहरणार्थ, हा क्लब."

विचारला म्हणून सांगितला. तर आता मला काढायचं की ठेवायचं, हे येत्या गुरुवारी ठरणार आहे. काढोत बापडे. माझा आठवडा भरलेला असतो. सोमवारी कपाट आवरते. मंगळवारी तेच पुन्हा आवरते.

कुणापुढे न वाकणारी (पाठीमुळेही),
तुमची नणंद

ता. क. : अक्षरं सगळी परत केली आहेत. मोजून घ्या म्हटलं, तर मोजलीसुद्धा. काय माणसं.

आणखी ता. क. : व्याह्यांना एक फोन कराल का? मी सांगितलं म्हणू नका. लेकीची खुशाली विचारता विचारता सहज म्हणा, की आमची नणंद तोंडाची फटकळ आहे, पण गुरुवारी दुपारचं जेवण झाल्यापासून चपला घालून बसलेली असते. खेळ संध्याकाळी असतो.